सगळ्यात सोपं

"सगळ्यात सोपं जे असेल तेवढंच दाखवा," लेकीने काउंटरवर पिशवी टेकवत सांगितलं. दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासून तिचे डोळे चुरचुरत होते, पायांचे तुकडे पडले होते. मागे बाबा उभे होते, शाळेतून तक्रार आलेल्या मुलासारखे.

विक्रेत्याने टीव्हीवर नेटचे कार्यक्रम लावायच्या यंत्रांची दोन खोकी पुढे सरकवली. "या डबीला बटणं फार. ही कांडी बरी. टीव्हीच्या मागे खोचायची, रिमोटला बटणं मोजून पाच. तीही नको असतील तर काका, नुसतं तोंडाने सांगायचं, लागतो सिनेमा."

"माझ्या डोक्यात नाही हो शिरत हे," बाबा म्हणाले.

हे वाक्य तिला पाठ होतं. आठवड्यातून तीनदा, नेमकी ड्यूटी सुटताना, फोन यायचा: टीव्ही बंद पडलाय, जरा येऊन जा. दोन बस बदलून ती जायची. एक बटण दाबलं की चित्र यायचं. मग चहा, मग इकडचं तिकडचं, आणि ती घरी पोचेपर्यंत पोरं झोपलेली असायची. तिला बाबांचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची. आज एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणूनच ती त्यांना दुकानात घेऊन आली होती.

विक्रेत्याने कांडी खोचून पाहिली. पडदा काळाच राहिला. "सकाळी तर चालत होती," तो पुटपुटला. तेवढ्यात लॅबमधून फोन आला म्हणून ती दारापाशी गेली. परतली तेव्हा बाबा टीव्हीच्या मागे वाकलेले होते.

"टीव्हीतून घेतलेली वीज हिला पुरत नाही. भिंतीतल्या प्लगला लावा," ते सांगत होते. "हं. आता इनपुट दोनवर घ्या."

चित्र लख्ख उमटलं. बाबांनी रिमोट घेऊन आवाजही बेताचा केला.

"काका, तुम्हाला तर सगळं येतं की."

बाबा वळले. लेक समोरच होती. त्यांनी रिमोट हळूच खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

तिला त्या सगळ्या बस आठवल्या. भांडायचंही त्राण नव्हतं. बाबा इतके एकटे पडलेत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी आठवड्यातले तीन दिवस तिने कुठून आणले असते?

"हीच पॅक करू ना, ताई?"

ती स्टुलावर बसली. "फक्त रविवारी बिघडेल, असं काही आहे का तुमच्याकडे?"

विक्रेता गोंधळून खोक्यावरचं वाचू लागला.

"हीच द्या," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "तेवढं मी घरी जमवतो."