डब्यातला शेवटचा दाणा

धुरपदाबाईंनी तिसरी चिठ्ठी वाचली, डब्यात डोकावून पाहिलं आणि त्या पुन्हा पहिल्या चिठ्ठीकडे वळल्या. ताटलीत सोळा दाणे झाले. गणिताचे प्राध्यापक अभयकुमार यांनी चोरून प्राचार्यांकडे पाहिलं.

चार त्रिक किती, एवढंच त्यांच्या कॉम्प्युटरने सांगायचं होतं. खरा कॉम्प्युटर ते एकदाच, मुंबईला, काचेपलीकडून पाहून आले होते. जळगावच्या कॉलेजात त्यांनी तो बनवला एक डबा, एक ताटली आणि तीन चिठ्ठ्यांचा. डब्यात आधी तीन दाणे असत. मग चिठ्ठ्या: ताटलीत चार दाणे टाका. डब्यातला एक दाणा काढा. डबा रिकामा झाला असेल तर थांबा, नाहीतर पुन्हा पहिली चिठ्ठी. आज प्राचार्यांना हे पटलं, तर शिकवायला शनिवारचा एक तास मिळणार होता. नाही पटलं, तर वर्षभराची मेहनत पाण्यात आणि डबा घरी चिवड्याला.

चिठ्ठ्या चालवायला हुशार मुलं उपयोगाची नव्हती. ती पहिल्याच चिठ्ठीला ‘बारा’ म्हणून मोकळी होत. कॉलेजची घंटा देणाऱ्या धुरपदाबाई मात्र सांगितल्यापेक्षा तसूभरही जास्त करत नसत. तालमीत त्या एकदाही चुकल्या नव्हत्या.

ताटलीत वीस झाले. मग चोवीस.

“अभयकुमार,” प्राचार्य तोताराम पाटील घड्याळ बघत म्हणाले, “आमच्या असोद्यात चार त्रिक अजून बाराच आहेत.”

अभयकुमारांनी डब्यात पाहिलं. तळाला एक दाणा होता.

“बाई, हा का नाही काढला?”

“धान्यना डबा रिता नही ठेवतस, सर. घरनी बरकत जास.”

“तालमीत तर काढत होतात.”

“तवय खडा व्हतात. हाई तूर शे.”

प्राचार्यांपुढे खडे बरे दिसणार नाहीत म्हणून अभयकुमारांनीच सकाळी घरच्या दुकानातून तूर आणली होती. आता रागवायचं कुणावर? त्यांनी तिसरी चिठ्ठी खोडून लिहिलं, ‘डब्यात एकच दाणा उरला की थांबा.’ ताटली मोकळी केली आणि डब्यात तीनऐवजी चार दाणे टाकले.

धुरपदाबाईंनी पहिल्यापासून धरलं. चार. आठ. बारा. त्या थांबल्या, आणि घंटेची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

प्राचार्यांनी ताटलीतले दाणे स्वतः मोजले. काही लबाडी नाही ना, म्हणून डबाही उपडा करून पाहिला. तळहातावर एक दाणा पडला. तो मुठीत ठेवूनच त्यांनी दुसऱ्या हाताने शनिवारच्या तासाच्या कागदावर सही केली. दारापर्यंत गेले, थबकले, मागे आले, आणि दाणा डब्यात टाकून, झाकण घट्ट लावून मगच बाहेर पडले.