तीन पुरवण्या

"एका दिवसात दोनशे बारा उत्तरपत्रिका!" एवढं बोलून प्राचार्य देवव्रत दातार थांबले. टाळ्यांसाठी नेमकं कुठे थांबायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

विद्यापीठाने पहिल्यांदा पेपर संगणकावर तपासायला घेतले आणि निकाल महिनोन्महिने लटकले, ते वर्ष घाटकोपरच्या या कॉलेजात कोणीच विसरलं नव्हतं. "त्या वर्षी सगळीकडे वाट लागली होती," दातार पुढे म्हणाले, "पण आपल्या टिपणीस मॅडमनी कॉलेजचं नाव राखलं!"

अर्थशास्त्राच्या शुभा टिपणीस आज निवृत्त होत होत्या. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि मान खाली. लोकांना तो विनय वाटला. बाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दोनशे बारा कसे झाले, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. पडद्यावर मुख्य उत्तरपत्रिका लगेच उघडायची. पुरवणी उघडायला जावं तर चक्र नुसतं गरगरत राहायचं, पाच-पाच मिनिटं. पहिले दोन दिवस बाई थांबल्या. तिसऱ्या दिवशी 'आज किती झाले?' म्हणून वरून चार वेळा फोन आले, आणि त्यांनी पुरवण्या न उघडताच मार्क भरून टाकले.

कॉलेजच्या ऑफिसातली अक्षता चहाचा ट्रे घेऊन व्यासपीठावर आली. बाईंपुढे कप ठेवताना हळूच म्हणाली, "मॅडम, मी त्याच बॅचची. टीवायला, शेवटच्या वर्षाला होते, भांडुपच्या कॉलेजात."

"हो का गं?" बाईंनी मान वर केली.

"इकॉनॉमिक्समध्ये उडाले ना. तीन पुरवण्या लावल्या होत्या, त्यातल्या सगळ्या प्रश्नांना भोपळा. रिव्हॅलला, फेरतपासणीला टाकला, तरी नो चेंज. बँकेतली नोकरी ठरली होती, ती गेली." तिने बशी सरळ केली. "तुमच्यासारख्या कोणाकडे गेला असता ना पेपर, तर सुटले असते मी."

"सीट नंबर काय होता तुझा?"

अक्षताने सगळे आकडे एका दमात म्हणून दाखवले. बाईंनी विचारलं खरं, पण उपयोग नव्हता. तपासताना पडद्यावर नंबर दिसतच नसे. त्या दोनशे बारांत हिचा पेपर होता की नव्हता, हे आता त्यांना कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात दातारांनी त्यांना माईकपाशी बोलावलं. घरून लिहून आणलेला कागद बाईंनी उघडलाच नाही.

"त्या दिवशी पुरवण्या..." त्या म्हणाल्या.

पहिल्या रांगेत त्यांची लेक गंधाली मोबाईल उंच धरून आईचं भाषण टिपत होती. तिच्याकडे पाहून बाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"...पुरवण्या, पेपर, सगळंच फार होतं. सगळ्यांनीच कष्ट घेतले. मी एकटीनं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराशी, रिकामा ट्रे काखेत धरून, अक्षताही टाळ्या वाजवत होती.