बिनआवाजाचं रडणं

शूटिंगच्या तिसऱ्या टेकला निशिकांतने लेकीला तवा जरा जोरातच मारला. तवा थर्माकोलचा होता, काळ्या रंगाने रंगवलेला. पण आठ वर्षांची मैत्रेयी स्टुलावर एका पायावर उभी होती. दर वेळी ती गादीवर पडायची, या वेळी गादी सोडून फरशीवर पडली. डावा हात अंगाखाली गेला.

कट्कन आवाज झाला. स्टँडवर लावलेल्या मोबाइलच्या मागून तिच्या आईने, ऋचाने तो ऐकला. तिला वाटलं, स्टुलाचा पाय असेल.

मैत्रेयीने तोंड उघडलं. जबडा ताणला, डोळे गच्च मिटले, काजळाने काढलेली मिशी अश्रूंनी ओठांवर उतरली. आवाज मात्र आला नाही.

"वा, मैतू! वा!" व्हिडिओ मूकपटासारखा असे, त्याला नंतर नुसता पियानो लावायचा, म्हणून निशिकांत मारता मारताच सूचना द्यायचा. "अजून मोठं तोंड कर. उठू नकोस, मी येतो."

हे रडणं त्यानेच तिला शिकवलं होतं, आरशासमोर बसवून. ती एकदा खरोखर किंचाळली, तेव्हा शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले होते. तेव्हापासून परदेशातल्या, क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये रडायचं ते चेहऱ्याने. बघणाऱ्यांना नेमकं तेच आवडायचं. ढेरपोट्या मालक, मिशीवाला चिमुकला नोकर आणि त्याचं ते मुकं भोकाड.

निशिकांतने तिला कॉलरला धरून उचललं. तिचा हात मनगटापाशी भलतीकडेच वळला होता. त्याने तो पाहिला नाही. त्याची नजर कॅमेऱ्याकडे होती. ठरल्याप्रमाणे त्याने तिला पाठीमागून लाथ घातली. ती पुन्हा त्याच हातावर आपटली.

ऋचाला मनगट आधी मोबाइलच्या पडद्यावर दिसलं, जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं. त्या क्षणापर्यंत ती हसत होती. मग तिने मान वर करून पाहिलं.

"निशी, थांब."

"कट मी म्हणणार. मध्ये येऊ नकोस. असं एक्सप्रेशन परत मिळणार नाही."

"हात मोडलाय तिचा!"

"अगं, अॅक्टिंग करतेय ती. मैतू, चालू ठेव."

ऋचा पुढे गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून सोफ्याखाली गेला. दुसरी कानावर बसली. तिसरीने त्याचा ओठ दातावर फाटला आणि ढेरीसाठी पोटाला बांधलेल्या उशीवर रक्त टपकलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला भिंतीवर ढकललं. तिचं डोकं आपटलं. ती तशीच वळली आणि त्याच्या हाताला चावली. तो ओरडला. ती सोडेना. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर ठोसा मारला. दोघंही धडपडत गादीवर पडले.

मोबाइल चालूच होता.

"आई."

मैत्रेयी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. मोडलेला हात तिने दुसऱ्या हाताने छातीशी धरला होता. ती अगदी हळू बोलली, शेजारी ऐकू जाणार नाही इतकं.

"आई, तू कॅमेऱ्याच्या मध्ये आलीस. बाबाचा फेस दिसलाच नाही. परत मार."