सायकलीचं साल

कोर्टात सायकल दुरुस्तीवाल्या इस्माईल मिस्त्रींनी मुद्देमालातला सायकलीचा सांगाडा उलटा केला आणि पायडल बसतात तिथला गंज खरवडून खाली कोरलेला नंबर वाचला. ही सायकल चोरल्याच्या आरोपावरून गुंडाप्पा कोरे बावीस वर्षं तारखांना येत होता. आताही तो भिंतीला टेकून उभा होता.

"फिर्यादीत लिहिलेली कंपनी ही नव्हे," मिस्त्री म्हणाले. "सांध्यांची घडण दुसऱ्याच कारखान्याची आहे. त्यांच्या नंबरातले पहिले दोन आकडे सालाचे असतात. ही त्र्याण्णवची सायकल आहे, साहेब."

न्यायाधीशांनी कागद उलटले. "चोरी तर एक्क्याण्णवची आहे. हे आधी कुणी पाहिलं नाही?"

"मला आज पहिल्यांदाच बोलावलं."

"नवीकोरी घेतली होती, साहेब," गुंडाप्पा हळूच म्हणाला. "तेव्हापासून तेच सांगतोय."

दुपारी तो निर्दोष सुटला. सायकल ताब्यात देण्यासाठी कारकुनाने सही मागितली. गुंडाप्पाने सही केली, पण सांगाड्याला हात लावला नाही.

"मिस्त्री, तुम्हीच न्या. माझे गुडघे आता सायकलीचे राहिले नाहीत."

मिस्त्रींनी सांगाडा खांद्यावर टाकला आणि गुंडाप्पाच्या संथ चालीने एसटी स्टँडपर्यंत त्याच्यासोबत गेले.