सुरेल हुंदका

वडिलांना तिरडीवर ठेवलं तेव्हा प्रणित घाटगेने हंबरडा फोडला, आणि अंगणातली माणसं चमकून त्याच्याकडे बघू लागली. हंबरडा अगदी सुरात होता.

प्रणित रॉक बँडमध्ये गायचा, आणि तिथे गाणाऱ्या सगळ्यांच्याच घशात आता चिप बसवलेली असते. बोलताना ती गप्प असते. आवाज चढला की जागी होते आणि घसरलेला सूर ओठांबाहेर पडायच्या आत जागेवर आणते. गाणं कुठलं आणि रडणं कुठलं, हे तिला कळत नाही.

“रडतोयस का गातोयस रं?” आत्याने दबक्या आवाजात विचारलं.

“रडतोय गं, आत्या.”

पुढचा हुंदकाही तसाच आला, स्वच्छ आणि गोड. शेजारी त्याची थोरली बहीण चिरक्या, फाटक्या आवाजात रडत होती. आत्याने तिला पोटाशी धरलं. प्रणितपाशी कुणीच गेलं नाही. शेवटी त्याने रुमाल तोंडात कोंबला.

दहाव्या दिवशी सकाळी शेजारची मुलगी अंगण झाडताना काहीतरी गुणगुणत होती. चाल छान होती. ती आपल्याच रडण्याची आहे, हे कळायला प्रणितला दोन ओळी लागल्या.