दहा मोजेपर्यंत

एलिसाने स्लायडिंगच्या दाराची खिट्टी खाली ओढली, तेव्हा फेलिशिया बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. वळून पाहते तर काचेआड तिची पाच वर्षांची लेक उभी, बिस्किटांचा डबा छातीशी धरून.

"उघड, बाय," फेलिशिया म्हणाली.

एलिसाने डबा खाली ठेवला. दोन्ही हात वर केले आणि एकेक बोट दुमडायला लागली.

फेलिशियाला हसूच आलं. गुरूची विद्या गुरूला! माणिकपूरच्या थेरपिस्ट मॅडमनी बजावलं होतं, "तिला सगळं कळतं, फक्त जिभेला वाट सापडत नाही. तिचा शब्द तुम्ही बोलू नका. दहा मोजा, थांबा. दोनदा प्रयत्न केला की देऊन टाका." तेव्हापासून बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात गेली. पोरीने डबा आणला की फेलिशिया आपल्या ओठांवर बोट ठेवायची, दहा बोटं दुमडायची आणि म्हणायची, "परत." अकरा महिने झाले, 'आ'च्या पुढे गाडी सरकेना. मग दोनदाचं चारदा झालं, चारदाचं दहादा. "लेकराला उपाशी ठेवून कोन बोलाया शिकवतं?" सासू म्हणायची. फेलिशिया या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. आज सकाळी तर तिने बिस्किट दिलंच नव्हतं.

आतलं दहावं बोट दुमडलं.

"एलिसा, उघड!" ती ओरडली.

एलिसाने मान हलवली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

आता फेलिशियाच्या लक्षात आलं. पोरीला काही ऐकूच जात नव्हतं. ही दुहेरी जाड काच तिनेच हट्टाने बसवून घेतली होती. पलीकडच्या रेल्वेरुळांचा खडखडाट नको, एलिसाच्या शब्दासाठी घर शांत हवं म्हणून. फोन आत चार्जिंगला, नवरा स्टीवन ऑफिसात. नायगावच्या टॉवरचा नववा मजला, खाली नुसती खाडी. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि लादी अनवाणी पायांना चटके देत होती. तिने काचेवर थापा मारल्या, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. एलिसा शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत राहिली, वाट पाहत.

असं असतं होय हे, फेलिशियाच्या मनात आलं. तिने थापा मारणं थांबवलं.

आत बोटं पुन्हा संपली. एलिसाने ओठ घट्ट मिटले, आरशासमोर बसवून शिकवायचे तसे. गाल फुगले, मान ताठ झाली. मग ओठ फट्कन उघडले, जीभ वर गेली, तिथून दातांवर आली.

दिवसातून शंभरदा फेलिशिया हा शब्द म्हणायची. तो तिने कुठेही ओळखला असता.

परत.

खिट्टीचं, उन्हाचं तिला भानच उरलं नाही. तिने तापलेल्या काचेला कान लावला. आतून काहीच येत नव्हतं.

"परत, बाय," ती काकुळतीने म्हणाली, "एकदाच परत बोल गं."

एलिसाने दहा बोटं वर केली.