शनिवारचा सेमिनार

सत्यवती फळ्यापाशी गेली तेव्हा तिचा बाप यल्लाप्पा मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता.

बेळगावच्या त्या कॉलेजात गणित विभागाचा दर शनिवारी दुपारी सेमिनार भरे. एकाने आपलं नवं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी ते तपासायचं. विभागात माणसं मूठभर, सगळे पुरुष. एम.ए. करणारी सत्यवती त्यात एकटीच मुलगी. आज पहिल्यांदाच ती बोलणार होती.

यल्लाप्पा शहापूरचा विणकर. कंट्रोलवर मोजून मिळणारं सूत संपल्यामुळे माग बंद होता, म्हणून त्याला येता आलं. धाडलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने, बायाक्काने. घरात तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. "बाप्या माणसांच्या खोलीत पोरगी दर शनवारी काय करती ते डोळ्यानं बघून ये," ती म्हणाली होती. "बरं वाटलं तर शिकू दे. न्हायतर आजपासनं बंद."

सत्यवतीला हे ठाऊक होतं.

ती इंग्रजीत बोलू लागली. यल्लाप्पाला त्यातलं काही कळेना. पण घरात चार शब्दही धड न बोलणारी पोरगी इथे मान वर करून बोलत होती आणि कोट घातलेली माणसं पुढे वाकून ऐकत होती. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. शेजारच्या माणसाला तो हलक्या आवाजात म्हणाला, "आमची थोरली."

तेवढ्यात प्राध्यापक तम्मण्णांनी हात वर केला. विभागातले ते सगळ्यांत वयस्कर, आणि विद्यार्थी त्यांना टरकून असत. सत्यवतीने कधीच न संपणाऱ्या आकड्यांच्या ओळी मांडल्या होत्या. त्यांची आडवी बेरीज करता करता मध्येच ती उभ्या बेरजेवर आली होती. तम्मण्णांनी विचारलं, आडवं मोजा नाहीतर उभं, उत्तर तेच येईल हे कशावरून?

मग ते स्वतःच उठले आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकड्यांचा एक लहानसा तक्ता त्यांनी मांडला. त्याच्या ओळीही न संपणाऱ्याच. आडवं मोजलं की शून्य येत होतं. उभं मोजलं की एक.

सत्यवतीने तो तक्ता मनातल्या मनात आडवा-उभा मोजून पाहिला.

विभागप्रमुख मारुतीराव पहिल्या बाकावर होते. तिचं काम त्यांनीच आधी वाचून बरं म्हटलं होतं. त्यांनी मागे वळून यल्लाप्पाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा तपशील नंतर पाहू," ते घाईने इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही पुढे चला."

ती पुढे गेली असती तर बापाला काहीच कळलं नसतं. शेवटी टाळ्या झाल्या असत्या आणि त्याने घरी जाऊन तेवढंच सांगितलं असतं.

"नको सर," ती म्हणाली. तोंडातून मराठीच आलं. "चुकलंय."

तोवरच्या सबंध दुपारभरात यल्लाप्पाला तेवढंच कळलं. तो उठून उभा राहिला. आता हिला बोलतील, त्याच्या आत हिला घेऊन निघावं, असं त्याला वाटलं.

तम्मण्णांनी अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला. बाह्या सारल्या आणि म्हणाले, "बरं. आता ह्यातलं काय काय टिकतं ते बघू."

मारुतीराव उठले. "मी वाचलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही," असं म्हणत तेही फळ्यापाशी गेले. मग बाकीचेही गेले. एकाने लिहिलेलं दुसरा पुसू लागला. चहा आला आणि तसाच राहिला. सत्यवती आधी बाजूला उभी होती. थोड्या वेळाने तिने तम्मण्णांच्या हातातला खडूच घेतला. "असं न्हवं सर, थांबा जरा," ती म्हणाली, आणि तम्मण्णा तिला जागा देत मागे सरकले.

बाकांवर आता कोणी नव्हतं. एकटा यल्लाप्पा उभा होता. त्याला समोर सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या, आणि मधूनमधून त्यांच्यातून लेकीचा आवाज येत होता.

परतीच्या वाटेवर दोघं खासबागेत पोचली.

"लई चुकलं व्हय गं?" यल्लाप्पाने विचारलं.

"एकच जागा चुकली आप्पा. पण त्याच्या म्होरलं सगळं त्याच्यावरच हुतं." "आत्याला काय सांगशील?"

"माझ्या लुगड्यात खोट निघाली की सावकार ते अंगावर फेकतोय," तो म्हणाला. "तुझी खोट निघाली, तर ते म्हातारं कोट काढून तुझ्याबरोबर कामाला लागलं."

बायाक्का दारातच बसली होती. सत्यवती खाली मान घालून आत गेली.

"काय केलं पोरीनं?" बायाक्काने भावाला विचारलं.

"चुकली."

"मग?"

यल्लाप्पाने पायांवर पाणी घेतलं.

"मग काय. पुढच्या शनवारी परत जायला पायजे आमाला," तो म्हणाला. "अजून सुटलं न्हाय."